शेवटचे डिस्कमन प्लास्टिकचे होते, भंगार नव्हते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या गॅजेट्सवर लेख आला होता तो वाचला, आवडला, फोटो तर झक्कास होते, पण त्यातला एक मुद्दा काही पचला नाही म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की सुरुवातीचे डिस्कमन, म्हणजे बरोबर घेऊन फिरायचे सीडी प्लेयर, धातूचे, वजनदार, मजबूत होते आणि २००० सालानंतर आले ती सगळी प्लास्टिकची डबडी, म्हणून लोकांनी ते सोडून दिले. साहेब, धातूचं कबूल आहे, बाकीचं साफ नामंजूर. मी मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, एका गाळ्यात बरीच वर्षं रिपेरिंगच्या काउंटरला बसलोय, वॉकमन, डिस्कमन, कार टेप, टू-इन-वन सगळं उघडून झालंय, आणि ज्याने दोन्ही काळातली मशीनं आतून बघितलीत तो असं लिहिणार नाही. बाहेरून बघून लिहिलं की असं होतं. राग नाही हां, पण सांगावंसं वाटलं.

आधी त्या मजबूत काळाचं बघू. सोनीचा पहिला पोर्टेबल सीडी प्लेयर डी-५० आला १९८४ ला, किंमत ४९,८०० येन. दोन वर्षांपूर्वी १९८२ ला त्यांचाच घरात ठेवायचा पहिला सीडी प्लेयर सीडीपी-१०१ आला होता तो १,६८,००० येनला, म्हणजे दोन वर्षांत किंमत तिसऱ्या हिश्श्याच्या खाली आणली. इंजिनियर लोकांपुढे म्हणे लाकडाचा एक ठोकळा ठेवला होता, चार सीडीच्या डब्या एकावर एक ठेवल्या तर जेवढी जाडी होईल तेवढा, आणि सांगितलं की सगळं ह्याच्यात बसवा. बसवलं पण! त्यांची हुशारी मान्यच आहे, सीडीचा धंदा चालला तो त्या मशीनमुळे हेही मान्य. पण वजन अर्ध्या किलोच्या वर, आत सेल नाहीत, बाहेर फिरवायचा तर सेलचा वेगळा केस जोडून खांद्याला लटकवायचा, आणि धक्का सोसायला आत मेमरी वगैरे काही नाही. टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवायचा, इतपत पोर्टेबल. हा घेऊन कोणी संध्याकाळी चर्चगेटला विरार फास्टमध्ये चढून दाखवावं, मी त्याला वडापाव खिलवतो.

सीडी वाचणं म्हणजे काय प्रकरण आहे ते थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सीडीवर एकच लांबलचक सर्पिल रेघ असते, आतून बाहेर जाणारी, आणि दोन फेऱ्यांमधलं अंतर फक्त १.६ मायक्रॉन. एक मिलिमीटरमध्ये अशा सहाशेच्या वर फेऱ्या. ह्या रेघेवर लेझरचा ठिपका धरून ठेवायचा, आणि जी लेन्स धरून ठेवते ती कुठे घट्ट बसवलेली नसते, बारीक तारांवर अधांतरी असते, बाजूला कॉइल, कॉइलमधला करंट कमीजास्त करून लेन्स वरखाली आणि डावीउजवीकडे हलवायची. सीडी जरा वाकडी असली तरी लेन्स तिच्यामागे नाचत राहते. वर आणि सीडीचा वेगही सारखा बदलतो, आतल्या बाजूला मिनिटाला ५०० फेऱ्या, बाहेर येईपर्यंत २०० वर येतात. हे सगळं सांभाळणाऱ्या सर्किटला सर्व्हो म्हणतात. आणि ह्या सगळ्याला बेस्टच्या बसमध्ये खड्ड्यातून न्यायचं.

तर जुन्या मशीनमध्ये हा सर्व्हो अ‍ॅनालॉग असायचा. बोर्डवर बारके बारके प्रिसेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे सेटिंगचे खटके, एक फोकसचा, एक ट्रॅकिंगचा, एक बॅलन्सचा, आणखी एखाद-दुसरा. कारखान्यात स्कोप (सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून सेट केलेले. चार-पाच वर्षं झाली की लेझर थोडा मंदावतो, रेलवरचं ग्रीस सुकतं, सेटिंग सरकतं आणि मशीन 'नो डिस्क' दाखवायला लागतं. मग कस्टमर आमच्याकडे. आमच्याकडे यायच्या आधी तो गल्लीतल्या रेडिओवाल्याकडे जाऊन आलेला असायचा आणि त्या महाशयांनी स्क्रू ड्रायव्हर घेऊन सगळे प्रिसेट मनापासून फिरवलेले असायचे, झालं, आता स्कोपवर बसा अर्धा दिवस. ही माझी नेहमीची डोकेदुखी होती.

नंतर सर्व्हो डिजिटल झाला आणि हे प्रिसेट गायबच झाले. ९० च्या दशकात हळूहळू झालं हे. सर्व्हो, सिग्नल प्रोसेसिंग, डॅक (आकड्यांचा आवाज करणारा भाग) सगळं एकदोन चिपमध्ये. आणि गंमत म्हणजे झाकण लावलं की मशीन दर वेळी नवीन सीडी बघून स्वतःचं स्वतः सेटिंग करतं, लेन्स वरखाली करून फोकस शोधतं, किती प्रकाश परत येतोय ते बघतं, त्याप्रमाणे गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, ठरवतं आणि मग वाजवायला लागतं. सुरुवातीला जी खुडबुड ऐकू येते ना ती हीच. लेझर थोडा थकला, सीडी घाणेरडी असली, तरी बऱ्यापैकी निभावून नेतं. सीडी-आरडब्ल्यू म्हणजे पुन्हा पुन्हा लिहायची सीडी, ती प्रकाश फारच कमी परत पाठवते, जुनी मशीनं तिला हातच लावायची नाहीत, शेवटची मशीनं मुकाट वाजवायची. ह्याला डबडं म्हणायचं का? वरचं झाकण प्लास्टिकचं म्हणून?

आता उडी मारण्याचं. सगळ्यांना आठवतं ते हेच, की सीडी प्लेयर उड्या मारायचा. ९० च्या दशकात ह्याच्यावर उपाय आला मेमरीचा. सीडी दुप्पट वेगाने फिरवायची, गाणं वाजायच्या आधीच आत भरून ठेवायचं आणि वाजवायचं ते मेमरीतून, म्हणजे धक्का बसून लेन्स हुकली तरी कानाला कळत नाही, तोपर्यंत लेन्स परत जागेवर येते. चाळीत पाणी तासभर यायचं आणि आपण पिंप भरून ठेवायचो, नळ गेला तरी पिंपातलं चालू, तसं. सुरुवातीला हे पिंप तीन सेकंदांचं, मग दहा, आणि मग डब्यावर मोठ्या अक्षरात ४० सेकंद, ४५ सेकंद छापायची चढाओढ लागली.

आणि इथे मी त्या लेखकाच्या बाजूने एक बोलतो, कारण ते त्यांनी लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनल, झाले सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट. आत मेमरीची चिप बसायची १६ मेगाबिटची. भागाकार करा, जेमतेम १२ सेकंद होतात. मग ४५ कुठून आले? तर गाणं दाबून बसवायचे, चौथ्या हिश्श्यात. म्हणजे सीडी आणली ३५०-४०० रुपये मोजून आणि ऐकतोय कॉम्प्रेस केलेलं! लोकलमध्ये काही फरक कळत नाही, पण रात्री घरी चांगला हेडफोन लावून सतार ऐकली की तारेचा झणत्कार जरा बोथट वाटायचा, मला तरी वाटायचा. चांगल्या मॉडेलला हे बंद करायची किंवा कमी करायची सोय असायची. स्वस्तातल्यांना नाही. ही तक्रार खरी आहे, पण ती प्लास्टिकची तक्रार नाही.

पुढे कंपन्यांच्याही लक्षात आलं की पिंप मोठं करत बसण्यात अर्थ नाही. सोनीने जी-प्रोटेक्शन काढलं, साधारण त्याच सुमाराला डिस्कमनचं नाव बदलून सीडी वॉकमन केलं तेव्हा. त्यात मुद्दा असा की लेन्स हुकली की ती परत रेघेवर येण्याचा वेळच कमी करायचा. कितीही धक्के बसले तरी मधल्या फटीत मशीन पटापट वाचून घेतं. काही मॉडेलवर १ आणि २ असा खटका असायचा, २ वर ठेवलं की धक्क्यांपासून जास्त बचाव, घरी ऐकायला १. मी स्वतः रिपेर केलेली मशीनं टेस्टिंगला घेऊन घरी जायचो, ग्रँट रोडवरून लोकल पकडायची आणि ऐकत जायचं. लोकल खरं तर एवढी वाईट नाही, ती डुलते, सांधा आला की खडखडते पण ते चालतं. बसचा खड्डा वाईट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुलाचा जिना धावत उतरणारा माणूस, कारण एका तालात धक्क्यावर धक्का आणि मध्ये उसंत नाही. ९५-९६ ची मशीनं तिसऱ्या-चौथ्या पायरीला गप्प व्हायची. २००२ नंतरची नाही व्हायची. ह्यापलीकडे मला पुरावा नको.

जाडीचं तर विचारूच नका. डी-५० जवळपास पावणेचार सेंटिमीटर होता. कोरियाच्या आयरिव्हरने २००२ च्या आसपास स्लिमएक्स काढला तो १६.७ मिलिमीटर, आणि तो एमपीथ्री सीडीपण (दाबून लहान केलेल्या गाण्यांच्या फाइलची) वाजवायचा. सोनीचे आणखी पातळ, १४ मिलिमीटरच्या आत. सीडी स्वतः १.२ मिलिमीटर, खाली मोटर, लेन्स, बोर्ड, सेल, वर झाकण, आणि झाकण लागल्यावर सीडीला घासता कामा नये! मध्ये जो गोल खुंटा असतो त्यावर सीडी टक करून बसते, त्या खुंट्यात तीन बारीक गोळ्या असतात, मागे स्प्रिंग, त्या सीडीच्या भोकाची कड आतून धरतात. घरच्या प्लेयरला वरून चुंबकाची चकती दाबून बसते, तिला जागा लागते. ह्या तीन गोळ्यांमुळे झाकणात काही ठेवावंच लागत नाही. मला हा तुकडा अख्ख्या मशीनमधला सगळ्यात आवडायचा. एखादी गोळी कस्टमरच्या हातून पडून हरवली की मात्र संपलं, सीडी एका बाजूला झुकून फिरते आणि घरघर आवाज येतो.

पातळ करायचं म्हणून पेन्सिल सेल गेले आणि चपटे चौकोनी चार्जिंगचे सेल आले, गमस्टिक म्हणतात त्यांना, १.२ व्होल्टचे, निकेल मेटल हायड्राइडवाले. आणि बाहेरून स्क्रूने अडकवायची पेन्सिल सेलची छोटी नळकांडी बरोबर यायची. म्हणजे गाडीत चार्जिंग संपलं तर स्टेशनवरच्या स्टॉलवरून दोन सेल घ्या आणि चालू करा. आज फोनची चार्जिंग संपल्यावर आपण प्लगला चिकटून उभे असतो ते बघा.

हे मशीन आपल्या मुंबईत खरं कुठे चाललं तर एमपीथ्री सीडीवर. फिलिप्सने २००० ला एक्स्पॅनियम आणला आणि मग सगळेच आणायला लागले. ७०० एमबीच्या सीडीवर १२८ केबीपीएसने (सेकंदाला १२८ हजार बिट) साडेबारा तास गाणी बसतात, पाच मिनिटांचं एक धरलं तर दीडशे. स्टेशनबाहेर चादरीवर '१५० सुपरहिट' लिहिलेल्या सीड्या मिळायच्या, त्यातल्या बहुतेक चोरीच्या होत्या हे सगळ्यांना माहीत होतं, मी काही त्याचं समर्थन करत नाही. पण घरची भावगीतांची, नाट्यगीतांची ओरिजिनल कॅसेट-सीडी कॉम्प्युटरवर घेऊन स्वतः एकत्र करणारेही खूप होते. त्याच सुमाराला, २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आयपॉड आला, ५ जीबी, ३९९ डॉलर. तेव्हाच्या भावाने १९ हजार रुपये झाले, कस्टम वगैरे सोडूनच द्या. ५ जीबी म्हणजे सात ब्लँक सीड्या. आमच्या समोरच्या पटरीवर सात ब्लँक सीड्यांना शंभर-दीडशे रुपये पडायचे! तुम्हीच सांगा परळचा मुलगा काय घेणार?

आणि सेल किती टिकायचे. १२८ चं एमपीथ्री म्हणजे सीडीच्या आवाजाच्या अकराव्या हिश्श्याएवढा डेटा, त्यामुळे मशीन थोडं वाचतं, मेमरी भरतं आणि मोटर चक्क बंद करून टाकतं, गाणं चालूच. मग परत कधीतरी फुर्र करून फिरतं आणि गप्प. नवीन कस्टमर घाबरून परत घेऊन यायचे, दादा सीडी फिरतच नाहीये, मध्येच थांबते. अहो थांबू द्या, तुमचे सेल वाचतायत.

वायरवरचा रिमोट हा आणखी एक प्रकार. चांगल्या मॉडेलला हेडफोनच्या वायरमध्ये बोटाएवढा रिमोट, त्याला बारका डिस्प्ले, निळा किंवा हिरवा लाइट, मागे क्लिप. गर्दीत प्लेयर बॅगेत, बॅग पोटाशी, रिमोट शर्टाच्या खिशाला, आणि अंगठ्याने न बघता गाणं बदलायचं, होल्डचा खटका लावला की बाजूच्याचं कोपर लागलं तरी काही दाबलं जात नाही. हे ज्याने डिझाइन केलं तो टोकियोच्या गर्दीत उभा राहत असणार, पण उपयोग दादरला झाला. आज कानातल्या बोंडाला टकटक करून गाणं बदलायला जातो आणि फोन कट होतो.

वाईट काय होतं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस प्रेमातच पडलाय. एमपीथ्रीमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये फट पडायची. एमपीथ्रीची फ्रेम, म्हणजे फाइलचा एक तुकडा, ११५२ नमुन्यांची, म्हणजे २६ मिलिसेकंदांची, सुरुवातीला आणि शेवटी रिकामी जागा भरली जाते आणि शिवाय मशीन पुढची फाइल शोधण्यात वेळ घालवतं. सिनेमाच्या गाण्यांना काही नाही, पण मैफलीचं रेकॉर्डिंग, आलाप एका ट्रॅकमध्ये आणि बंदिश दुसऱ्यात, आणि बरोबर समेच्या तोंडावर फट! असा वैताग यायचा. नेहमीच्या ऑडिओ सीडीला हा त्रास नव्हता. देवनागरीत फाइलचं नाव दिलं तर माझ्याकडे आलेल्या मशीनवर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसायची, म्हणून लोक इंग्रजी स्पेलिंगमध्ये अभंगांची नावं टाकायचे, काय काय स्पेलिंग बघितलीत म्हणून सांगू. फोल्डर कुठल्या क्रमाने वाजतील त्याचा प्रत्येक कंपनीचा वेगळा कायदा. सोनीने स्वतःचा अ‍ॅट्रॅकचा, म्हणजे गाणं दाबून बसवायच्या त्यांच्याच पद्धतीचा, हट्ट धरला, एका सीडीत ६४ केबीपीएसने पंचवीस तास बसवता यायचे पण त्यासाठी त्यांचंच सॉफ्टवेअर वापरायला लागायचं आणि ते कोणाला आवडलं असं मला भेटलं नाही. पूर्वी दुसऱ्या मशीनला आवाज द्यायचं लाइन आउट असायचं, मिनीडिस्कवर (सोनीची रेकॉर्डिंगची छोटी डिस्क) रेकॉर्ड करायला ऑप्टिकलही असायचं, शेवटी शेवटी स्वस्त मॉडेलमधून ते सगळं काढून फक्त हेडफोनची पिन ठेवली. झाकणाची बिजागरी आणि खटका हे दोन प्लास्टिकचे तुकडे खरोखर तुटायचे. तेवढं प्लास्टिक मी तुमच्या लेखकाला देऊन टाकतो.

पण खरं सांगायचं तर माझ्या टेबलावर आलेल्या मेलेल्या मशीनमध्ये प्लास्टिक तुटून आलेली थोडी आणि अ‍ॅडॉप्टरने मारलेली भरपूर. दोन प्रकार. एक, जपान-अमेरिकेहून कोणी पाहुण्याने आणलेला, त्याचा अ‍ॅडॉप्टर जपानचा १०० व्होल्टचा नाहीतर अमेरिकेचा १२० चा, तो आपल्या २३० च्या प्लगमध्ये खोचला. वास येतो, बस. दुसरा प्रकार जास्त वाईट. अ‍ॅडॉप्टर हरवला म्हणून पटरीवरून 'युनिव्हर्सल' घेतला, त्यावर व्होल्टचा एक खटका, आणि प्लस-मायनस उलटसुलट करायचा दुसरा. सोनीला ४.५ व्होल्ट लागायचे, पातळ मॉडेलला ३, पिनच्या मधल्या भागाला प्लस. लोक व्होल्टचा खटका १२ वर ठेवून मोकळे व्हायचे, जास्त आहे तर चांगलंच ना म्हणून, आणि प्लस-मायनसकडे तर बघायचंच नाही. एका सेकंदात चिप जाते आणि ती चिप कुठे मिळत नाही. मग म्हणायचं चायनाचा माल, प्लास्टिकचा होता.

२६ जुलै २००५ चं वेगळंच. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्यानंतर पंधरवडाभर आमच्याकडे नुसती चिखलातून काढलेली मशीनं येत होती, टीव्ही, टेप, सगळं. सीडी प्लेयर त्यातल्या त्यात सुखाचे, सेल काढलेले असले तर उघडायचा, बोर्ड धुवायचा, वाळवायचा, लेन्स पुसायची, निम्मेअर्धे परत बोलायचे. सेल आत राहिलेले मात्र हिरवे पडून यायचे.

आता डिस्कमन मेले कशाने? मोबाइलने. २००५-०६ पासून फोनमध्ये मेमरी कार्ड आलं, गाणी आली, आणि एक वस्तू खिशात कमी झाली. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ ला बंद झालं तेव्हा सगळ्यांनी हळहळून लिहिलं, पण सीडी घ्यायची आपण कधीच बंद केली होती. त्यात प्लेयरचा काय दोष.

आणि हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की सीडीची फॅशन परत आलीय. कॉलेजची मुलं माझ्याकडे ऑनलाइन घेतलेले नवे प्लेयर घेऊन येतात, ब्लूटूथ आहे, यूएसबी-सी आहे, दिसायला गोंडस, पारदर्शक झाकण. उघडून बघितलं तर आत तोच एक ठरलेला स्वस्त पिकअप (लेझर आणि लेन्सचा भाग), ज्याच्या नकलांच्या नकला निघाल्यात, बोर्डवर धक्क्याची मेमरी नावापुरती, बंद करून चालू केलं तर गाणं पहिल्यापासून, शांत जागेत हेडफोनमध्ये सूं आवाज. फिओसारख्या काही कंपन्यांनी बरे काढलेत, पण तेही हातात घेतले की जाडजूड. पातळ पिकअप आता कोण बनवणार, त्याला लाखांनी खप लागतो. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा प्लास्टिकचा डिस्कमन आजच्या नव्यापेक्षा पातळ, जास्त तास चालणारा आणि कमी अडखळणारा आहे, आणि तुमचा लेख वाचून कोणीतरी तो भंगारवाल्याला देणार, ही माझी खरी पोटदुखी आहे.

तेव्हा माळ्यावर कोणाचा पडला असेल तर एवढं करा. आधी सेलचं झाकण उघडा, सेल असतील तर काढा, पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या इअरबडने पुसून मग कोरड्याने पुसा. मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरतेच, तर औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणा, इअरबडला अगदी थेंबभर लावून लेन्सवर वजन न देता गोल फिरवा, लेन्स तारांवर आहे हे विसरू नका. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, लेन्स प्लास्टिकची असते. ब्रश लावलेली क्लीनिंगची सीडी नको. लेझरकडे डोळा लावून बघू नका, झाकण उघडं ठेवून खटका दाबून बघायची हौस तर मुळीच नको. सीडीवर कागदाचं स्टिकर चिकटवलेलं असेल तर ती सीडी वाजवू नका, तोल जातो. आणि पहिल्यांदा चालू करताना नवे पेन्सिल सेल घालून करा. गमस्टिकवाला असेल आणि बाहेरची नळकांडी हरवली असेल तर तो सेल ऑनलाइन मिळतो, महाग आहे पण मिळतो. अ‍ॅडॉप्टर लावायचाच असेल तर मशीनच्या भोकाजवळ बारीक चित्र असतं, मध्ये ठिपका आणि दोन्ही बाजूंना प्लस-मायनस, ते चष्मा लावून बघा, अ‍ॅडॉप्टरवरच्या चित्राशी जुळवा आणि मगच प्लगमध्ये घाला.

आपला,
एक जुना वाचक (आणि जुना रिपेरवाला)
परळ, मुंबई